लेकर्स २०१२-१३ : भरवशाच्या म्हशीला टोणगा

ऑक्टोबर २०१२ मध्ये एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या लॉस एंजेलिस लेकर्सचे पहिले पाच खेळाडू पाहून बाकीच्या २९ संघांच्या पोटात गोळा आला असणार. कोबी ब्रायंट, स्टीव्ह नॅश, पाउ गॅसोल, ड्वाइट हॉवर्ड आणि मेटा वर्ल्ड पीस. कोबी आणि नॅश लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरलेले, नॅश तर लागोपाठ दोनदा. हॉवर्ड सलग तीन वर्षं सर्वोत्तम बचावपटू. तिघांच्या बोटात अजिंक्यपदाची अंगठी. संघाचा एकूण पगार १० कोटी डॉलरच्या घरात, त्यावर लक्झरी टॅक्स, म्हणजे ठरलेल्या मर्यादेवरच्या पगाराचा दंड, वेगळा.

एप्रिलअखेर हिशोब निघाला तो असा: ४५ विजय, ३७ पराभव, पश्चिम विभागात सातवा क्रमांक आणि पहिल्याच फेरीत सॅन अँटोनियो स्पर्सकडून ४-० असा धुव्वा.

कारणं विचारली की लोक दुखापतींची यादी वाचून दाखवतात. यादी खरी आहे आणि लांबलचकही आहे. पण ३८ वर्षांचा पॉइंट गार्ड (चेंडू खेळवणारा) नॅश आणि पाठीच्या शस्त्रक्रियेतून उठलेला सेंटर (बास्केटजवळचा उंच खेळाडू) हॉवर्ड आपण घेतोय, हे घेणाऱ्यांना ठाऊक होतं. माझ्या मते हा हंगाम बिघडायला सुरुवात झाली ती मे २०११ मध्ये. तोवर लेकर्सकडे खेळण्याची एक ठरलेली पद्धत होती. ती गेली, आणि तिच्या जागी ते नावं आणून बसवत राहिले.

ती पद्धत प्रशिक्षक फिल जॅक्सनची. त्याच्या हाताखाली लेकर्सने पाच अजिंक्यपदं मिळवली, शेवटची दोन २००९ आणि २०१० ची. त्याच्या ‘ट्रँगल’मध्ये चेंडू एकाच गार्डच्या हातात खेळत राहत नाही. उंच खेळाडूंनाही पास द्यावे लागतात, आणि गॅसोल व लमार ओडम हे दोघे त्यात वाकबगार. मे २०११ मध्ये डॅलसने लेकर्सना दुसऱ्या फेरीत ४-० असं लोळवलं. चौथ्या सामन्यात डॅलसने २० त्रिगुणी बास्केट मारले आणि ३६ गुणांनी सामना जिंकला. दोन उंच, संथ माणसं घेऊन खेळणारा संघ बाहेरून फेकणाऱ्यांपुढे कसा उघडा पडतो, ते त्या दुपारी साऱ्या लीगने पाहिलं. जॅक्सन निवृत्त झाला. माइक ब्राउन आला. आधीचा साहाय्यक प्रशिक्षक वर्ग बहुतांश गेला आणि त्यांच्याबरोबर ट्रँगलही गेला.

मग आला डिसेंबर २०११. मालक आणि खेळाडूंमधला टाळेबंदीचा घोळ १६१ दिवसांनी मिटला आणि त्याच दिवशी लेकर्सने पॉइंट गार्ड क्रिस पॉलला आणण्याचा सौदा जवळपास पक्का केला. गॅसोल ह्यूस्टनला, ओडम न्यू ऑर्लिन्सला, पॉल लॉस एंजेलिसला. न्यू ऑर्लिन्स हॉर्नेट्स तेव्हा एनबीएच्याच मालकीचा संघ होता. कमिशनर डेव्हिड स्टर्न यांनी ‘बास्केटबॉलच्या कारणांसाठी’ म्हणत सौदा मोडला आणि काही दिवसांतच पॉल त्याच शहरातल्या क्लिपर्सकडे गेला.

लेकर्सचे चाहते आजही सगळं खापर स्टर्नच्या माथी फोडतात. संताप समजू शकतो. तो सौदा झाला असता तर पुढचं चित्र निराळं दिसलं असतं यातही शंका नाही. पण नकारानंतर लेकर्सने जे केलं ते स्टर्नने करायला लावलं नव्हतं. आपला सौदा झाला होता हे कळल्यावर ओडम दुखावला, त्याने बदली मागितली आणि लेकर्सने त्याला डॅलसला देऊन टाकलं. आदल्या हंगामातला लीगचा सर्वोत्तम राखीव खेळाडू! बदल्यात खेळाडू एकही नाही. मिळाली ती प्रामुख्याने एक ‘ट्रेड एक्सेप्शन’.

हे प्रकरण जरा समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढची सगळी गोष्ट त्याला लटकलेली आहे. वेतनमर्यादा ओलांडलेल्या संघाला बाहेरून महागडा खेळाडू सहज घेता येत नाही. मात्र त्याने एखादा खेळाडू देऊन तेवढ्या पगाराचा माणूस परत घेतला नाही, तर फरकाइतकी रक्कम वर्षभर त्याच्या खात्यावर राहते आणि तेवढ्या पगाराचा खेळाडू पुढे घेता येतो. ओडमचा पगार ८९ लाख डॉलर होता. म्हणजे लेकर्सच्या हातात ८९ लाखांची, वर्षभर चालणारी चिठ्ठी आली. मुदत संपायच्या बऱ्याच आधी, जुलै २०१२ मध्ये, त्यांनी ती वापरून फिनिक्सकडून स्टीव्ह नॅश घेतला. तीन वर्षांचा करार, आणि वर फिनिक्सला २०१३ व २०१५ च्या पहिल्या फेरीच्या ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क), शिवाय दुसऱ्या फेरीच्या दोन. सहा फूट दहा इंचांचा, पास देणारा, दोन-तीन जागी खेळू शकणारा, बाकावरून उठून येणारा माणूस गेला आणि त्याच्या जागी फेब्रुवारीत ३९ वर्षांचा होणारा गार्ड आला. बाकाचं भगदाड मात्र तसंच राहिलं.

ऑगस्टमध्ये दुसरा बार उडाला. चार संघांच्या सौद्यात ॲन्ड्र्यू बायनम फिलाडेल्फियाला गेला आणि ऑर्लँडोचा हॉवर्ड लेकर्सकडे आला. हा सौदा मी चुकीचा म्हणणार नाही. बायनम त्या हंगामात गुडघ्यांमुळे एकही सामना खेळला नाही. पण हॉवर्डच्या पाठीवर एप्रिलमध्येच शस्त्रक्रिया झाली होती, आणि त्याच्या करारात उरलं होतं एकच वर्ष. म्हणजे त्याला जिंकून दाखवायचं आणि खूशही ठेवायचं, दोन्ही एकाच हंगामात. त्यातच लेकर्सचे सामने दाखवणारी नवी वाहिनी, वीस वर्षांच्या करारावर, नेमकी त्या ऑक्टोबरात सुरू झाली. थांबा, संघ बसायला वेळ द्या, असं म्हणायची सोय कुणालाच नव्हती.

ब्राउनने या संघासाठी निवडली ‘प्रिन्स्टन’ पद्धत. ती शिकवायला एडी जॉर्डनला मुद्दाम साहाय्यक म्हणून आणलं. कोबीलाही ती पसंत होती. पाचही जण सतत हलतात, पास देतात, समोरचा चुकला की त्याच्या पाठीमागून बास्केटकडे पळतात. पद्धत सुरेखच आहे. पण नॅशची सगळी कला चेंडू हातात असताना. त्याला आणायचं आणि त्याच्या हातातून चेंडू काढून घ्यायचा, हे गणित मला तेव्हाही कळलं नाही. सरावाचे आठही सामने गमावले. दुसऱ्याच सामन्यात पोर्टलंडच्या नवख्या डेमियन लिलार्डशी धडक होऊन नॅशच्या पायाचं हाड मोडलं आणि तो सात आठवडे बाहेर बसला. पाचांपैकी चार सामने हरल्यावर, ९ नोव्हेंबरला, ब्राउनला नारळ दिला. पाच सामने!

पुढचे तीन दिवस म्हणजे या हंगामाचा गाभा. घरच्या मैदानावर प्रेक्षक ‘वुई वाँट फिल’ असं ओरडत होते. मालकाचा मुलगा जिम बस आणि जनरल मॅनेजर मिच कपचॅक शनिवारी जॅक्सनच्या घरी जाऊन आले. सोमवारपर्यंत विचार करून सांग असं ठरलं होतं, असं जॅक्सनने नंतर सांगितलं. रविवारी मध्यरात्री त्याला फोन आला की माइक डॅन्टोनीला घेतलंय. संघाचे मालक जेरी बस आजारी होते. बास्केटबॉलचा कारभार मुलगा जिमकडे होता, धंद्याची बाजू मुलगी जीनीकडे, आणि जीनी जॅक्सनची अनेक वर्षांची जोडीदार. एकाच घरातल्या दोन दारांमधून कारभार चालला की काय होतं हे आपल्याकडचे सहकारी साखर कारखाने पाहिलेल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

डॅन्टोनी वाईट प्रशिक्षक नव्हता. फिनिक्समध्ये त्याने आणि नॅशने मिळून खेळाचा वेगच बदलून टाकला होता. चेंडू मिळाल्यापासून सात सेकंदांत फेक, एक माणूस आत, चार बाहेर पसरलेले, मधोमध नॅशचा पिक अँड रोल. पण त्यासाठी धावणारी तरुण पोरं लागतात. इथे कोबी ३४ चा, गॅसोल ३२ चा, वर्ल्ड पीस ३३ चा, राखीव फळीतला अँटॉन जेमिसन ३६ चा. शिवाय खुद्द डॅन्टोनीचा गुडघा नुकताच बदललेला, त्यामुळे त्याला बाकावर येऊन बसायलाही आठवडाभर उशीर झाला. मधले पाच सामने बर्नी बिकरस्टाफने सांभाळले आणि त्यातले चार जिंकले.

खरी कोंडी आतल्या बाजूला झाली. पिक अँड रोलमध्ये हॉवर्डने नॅशसाठी आडोसा करावा आणि वळून बास्केटकडे झेपावावं, अशी सगळ्यांची अपेक्षा. या कामात त्याच्या तोडीचे लीगमध्ये फार थोडे होते. पण हॉवर्डला हवा होता चेंडू पाठीमागे माणूस घेऊन, बास्केटला पाठ करून, जुन्या सेंटरसारखा. हॉवर्ड आत ठाण मांडून बसला की गॅसोलला बाहेर, त्रिगुणी रेषेपाशी जावं लागे. जगातला सर्वांत कुशल पोस्ट (बास्केटजवळ खेळणारा) खेळाडू २३ फुटांवर उभा राहून वाट बघतोय, हे दृश्य त्या हिवाळ्यात वारंवार दिसलं. जानेवारीत डॅन्टोनीने त्याला बाकावरही बसवलं. अटीतटीच्या वेळी प्रतिस्पर्धी मुद्दाम हॉवर्डला फाउल करत, कारण त्याचे निम्म्याहून जास्त फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकी) चुकत. अशा अवस्थेतही तो रीबाउंडमध्ये, म्हणजे फेक चुकल्यावर चेंडू पकडण्यात, लीगमध्ये पहिला आला, हे सांगितलंच पाहिजे. आळशी म्हणून त्याला झोडपणाऱ्यांनी त्याच्या पाठीचा आणि जानेवारीत फाटलेल्या खांद्याचाही विचार करावा.

२३ जानेवारीला मेम्फिसमध्ये खेळाडूंची बैठक झाली, सगळ्यांनी मनातलं बोलून घेतलं आणि त्याच संध्याकाळी संघ हरला. १७ विजय, २५ पराभव. त्यानंतर मात्र एक साधी गोष्ट घडली. कोबीने चेंडू वाटायला सुरुवात केली आणि नॅश बाजूला उभा राहून फेकू लागला. पुढच्या दोन सामन्यांत कोबीचे १४-१४ असिस्ट (बास्केट मिळवून देणारे पास). तिथून शेवटच्या ४० सामन्यांत लेकर्सने २८ जिंकले. फेब्रुवारीत गॅसोलचा तळपाय फाटला, १८ तारखेला जेरी बस गेले, तरी गाडी रुळावर राहिली. म्हणजे नुसत्या दुखापतींनी हंगाम बुडाला हे खरं नाही. ऑक्टोबरात एकच पद्धत घेऊन सुरुवात झाली असती, तर सातव्या जागेसाठी शेवटच्या दिवसापर्यंत जीव काढावा लागला नसता.

तो जीव काढला कोबीने. १० एप्रिलला पोर्टलंडमध्ये तो अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस मिनिटं खेळला आणि ४७ गुण केले. राखीव फळी नसण्याची किंमत कुठे पाहायची असेल तर त्या रात्रीच्या स्कोअरशीटवर पाहावी. दोन दिवसांनी गोल्डन स्टेटविरुद्ध, तीन मिनिटं उरली असताना, त्याच्या डाव्या टाचेचा अकिलीज स्नायुबंध तुटला. लंगडत जाऊन त्याने दोन्ही फ्री थ्रो टाकले, धावफलक १०९-१०९ केला आणि मग आत गेला. सामना लेकर्सने दोन गुणांनी जिंकला. स्पर्सविरुद्ध तिसऱ्या सामन्यात गार्ड म्हणून डॅरियस मॉरिस आणि ॲन्ड्र्यू गाउडलॉक उतरले. चौथ्यात हॉवर्डला तिसऱ्या सत्रातच बाहेर काढलं.

जुलैमध्ये हॉवर्ड ह्यूस्टनला निघून गेला. लेकर्स त्याला पाच वर्षांचे सुमारे ११.८ कोटी डॉलर देऊ शकत होते, त्याने चार वर्षांचे ८.८ कोटी घेतले. ‘स्टे’ असं लिहिलेले त्याचे मोठमोठे फलक शहरात लागले होते, ते उतरवावे लागले. पुढचे तीन हंगाम: २७, २१ आणि १७ विजय. सलग सहा वर्षं प्लेऑफचं (बाद फेऱ्यांचं) तोंड दिसलं नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये जीनी बस यांनी भाऊ जिम आणि कपचॅक या दोघांना पदावरून दूर केलं.

नॅश लेकर्ससाठी एकूण ६५ साखळी सामने खेळला आणि मार्च २०१५ मध्ये निवृत्त झाला. त्याच्यासाठी दिलेली २०१५ ची ड्राफ्ट पिक मात्र संपली नव्हती. पहिल्या काही क्रमांकांत आली तर ती लेकर्सकडेच राहील अशी अट होती, आणि लेकर्स इतके तळाला जात राहिले की सलग तीन वर्षं ती वाचली. अखेर २०१८ मध्ये ती दहाव्या क्रमांकावर, तोवर दुसऱ्या एका सौद्यात ती मिळवलेल्या फिलाडेल्फियाच्या पदरात पडली.