ट्रेक सायकली आणि आर्मस्ट्राँग प्रकरण

अमेरिकेतील ट्रेक ही सायकल कंपनी आणि सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग ही दोन नावे १९९८ पासून चौदा वर्षे एकमेकांना चिकटलेली होती. उत्तेजक द्रव्ये घेतल्याचे सिद्ध होऊन २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगची टूर डी फ्रान्स शर्यतीतील सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. बदनाम झालेल्या खेळाडूमुळे त्याच्या प्रायोजकाचे काय होते, या चर्चेत हे उदाहरण हमखास दिले जाते. त्यात बहुतेक वेळा विक्रीचाच हिशेब मांडला जातो. ट्रेकच्या बाबतीत खरी किंमत त्याआधीच मोजली गेली होती, आणि ती मोजली ग्रेग लेमाँड या दुसऱ्याच सायकलपटूने.

विस्कॉन्सिन राज्यातील वॉटर्लू या लहान गावी रिचर्ड बर्क आणि बेव्हिल हॉग यांनी १९७६ च्या सुमारास एका लाल कोठारात ट्रेकचे काम सुरू केले. मोजकीच माणसे पोलादी नळ्या हाताने झाळून फ्रेम तयार करीत. १९९२ पासून कंपनी स्वतःच्या पद्धतीने कार्बन फायबरच्या फ्रेम बनवू लागली. युरोपातील शर्यतींमध्ये इटालियन आणि फ्रेंच कारागिरांच्या सायकलींचा दरारा होता. त्यांच्यात विस्कॉन्सिनच्या सायकलीला कोणी फारसे विचारत नव्हते. कर्करोगातून उठलेला आर्मस्ट्राँग जुलै १९९९ मध्ये ट्रेकच्या ५५०० या कार्बन सायकलवर टूर जिंकला आणि चित्र पालटले.

सायकलीचा प्रायोजक आणि बुटांचा किंवा चष्म्याचा प्रायोजक यांत मोठा फरक आहे. चष्म्याने शर्यत जिंकता येत नाही, सायकलने जिंकतात. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या नियमानुसार शर्यतीत वापरलेली सायकल बाजारात विक्रीला असावी लागते. म्हणजे विजेत्याच्या मांडीखाली असते तीच फ्रेम पैसे मोजून कोणालाही घेता येते. त्यातच दूरदर्शनचा कॅमेरा मोटारसायकलवरून खेळाडूच्या बाजूने तासन्‌तास धावत असतो आणि हँडलखालून पेडलकडे उतरणाऱ्या जाड नळीवरचे कंपनीचे नाव घाट संपेपर्यंत डोळ्यांसमोर राहते. अशी जाहिरात उत्पादनातच मुरते. खेळाडू बदनाम झाला तर फलक उतरवता येतो, विकून झालेल्या फ्रेमचे काय करणार?

आर्मस्ट्राँगच्या आधी टूर जिंकलेला अमेरिकन म्हणजे ग्रेग लेमाँड. १९८६ ला तो पहिल्यांदा जिंकला. १९८७ मध्ये शिकारीला गेला असताना चुकून लागलेल्या गोळीने तो मरता मरता वाचला. काही छरे शरीरात तसेच राहिले, आणि त्यांच्यासह तो १९८९ ची टूर अवघ्या ८ सेकंदांनी जिंकला. १९९० मध्ये तिसऱ्यांदा जिंकला. १९९५ पासून त्याच्या नावाच्या सायकली परवान्याने ट्रेकच बनवत आणि विकत असे. एका छताखाली दोन विजेते, असा हा मामला होता.

जुलै २००१ मध्ये आर्मस्ट्राँग हा मिकेले फेरारी या इटालियन डॉक्टरकडे जात असल्याचे उघड झाले. फेरारीवर इटलीत उत्तेजक द्रव्यांच्या संदर्भात खटला होता. लेमाँडने जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. लान्स स्वच्छ असेल तर हे क्रीडा इतिहासातले सर्वांत मोठे पुनरागमन आहे आणि नसेल तर सर्वांत मोठी फसवणूक, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. पुढच्याच महिन्यात त्याच्या नावाने माफीचे निवेदन निघाले. ते आपल्याला दबावाखाली द्यावे लागले, असे त्याने नंतर सांगितले. त्याची रोजीरोटी ज्या कंपनीवर होती तिचा सर्वांत मोठा चेहरा आर्मस्ट्राँग होता, हे लक्षात घेतले की त्या दबावाचे वजन कळते.

मार्च २००८ मध्ये लेमाँडने करार मोडल्याबद्दल ट्रेकवर दावा लावला. आपल्या नावाच्या सायकली कंपनी मनापासून विकत नाही, अशी त्याची तक्रार होती. एप्रिलमध्ये कंपनीचे अध्यक्ष जॉन बर्क यांनी संबंध तोडत असल्याचे जाहीर केले. लेमाँडच्या वक्तव्यांनी दोन्ही ब्रँडचे नुकसान होत असल्याचे कारण त्यांनी दिले. फेब्रुवारी २०१० मध्ये तडजोड झाली. बालपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या पुरुषांसाठी काम करणाऱ्या आणि लेमाँडशी निगडित असलेल्या वन इन सिक्स या संस्थेला ट्रेकने २ लाख डॉलर देण्याचे ठरले. खरे बोलणारा विजेता कंपनीने गमावला आणि खोटे बोलणारा सांभाळला. या सगळ्या प्रकरणात ट्रेकच्या नावावर राहिलेला सर्वांत खोल डाग हाच आहे, आणि तो आर्मस्ट्राँगने लावलेला नाही.

त्याच २०१० मध्ये आर्मस्ट्राँगचा जुना सहकारी फ्लॉइड लँडिस याने तोंड उघडले. पथकाला मिळालेल्या सायकली परस्पर विकून त्या पैशातून द्रव्यांचा खर्च भागवला जाई, असाही त्याचा आरोप होता. अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने १० ऑक्टोबर २०१२ रोजी हजारांहून अधिक पानांचे पुरावे प्रसिद्ध केले. त्यात २६ जणांच्या साक्षी होत्या आणि ११ जण आर्मस्ट्राँगच्याच पथकांतले होते. १७ ऑक्टोबरला नायकेने हात झटकले. त्याच दिवशी ट्रेकनेही संबंध संपवले. अहवालातील निष्कर्षांनी आपण निराश झालो आहोत, मात्र आर्मस्ट्राँगने स्थापन केलेल्या लिव्हस्ट्राँग या कर्करोगविषयक संस्थेला मदत चालू राहील, असे कंपनीने कळवले. लेमाँडविषयी जॉन बर्क यांना चार वर्षांपूर्वी जी तातडी वाटली, ती इथे पुराव्यांचा ढीग समोर येईपर्यंत वाटली नाही. २२ ऑक्टोबरला महासंघाने शिक्षा कायम केली. १९९९ ते २००५ ची विजेतेपदे कोणालाच न देता रिकामी ठेवण्यात आली. लेमाँड पुन्हा पुरुषांची टूर जिंकलेला एकमेव अमेरिकन ठरला.

ट्रेकला पैशाचा फटका किती बसला, हे आकड्यांत मांडणे अवघड आहे, कारण कंपनी खासगी मालकीची आहे. तिचा समभाग बाजारात नाही. टायगर वूड्सच्या बदनामीनंतर त्याच्या प्रायोजकांचे बाजारमूल्य दोन टक्क्यांहून अधिक घसरल्याचे अर्थतज्ज्ञांनी दाखवले आहे, पण ते मोजमाप इथे लावता येत नाही. इतके दिसते की कंपनी डबघाईला आली नाही आणि शर्यतीतूनही हटली नाही. २०१४ पासून तर ती स्वतःच्याच नावाचे पथक चालवू लागली. अल्बेर्तो कोंतादोरने २००७ आणि २००९ मध्ये ट्रेकवर जिंकलेल्या टूर अधिकृत नोंदीत कायम आहेत. लिझी डेग्ननने २०२१ मध्ये महिलांची पहिली पॅरिस–रूबे शर्यत ट्रेकवरच जिंकली. जबाबदारी एका माणसावर न ठेवता पथकावर वाटून टाकण्याचा हा बदल शहाणपणाचा होता.

बीएमसी या स्विस कंपनीचे प्रकरण वेगळ्या वळणाने गेले. २००६ ची टूर लँडिसने बीएमसीवर जिंकली आणि मॉर्झीनच्या टप्प्यानंतरच्या चाचणीत तो सापडला. फोनाक हे त्याचे पथक बंद पडले. पथकाचे आणि सायकल कंपनीचे मालक अँडी रीस यांनी नवे बीएमसी पथक उभे केले. २०११ मध्ये कॅडल इव्हान्सने त्याच कंपनीच्या सायकलवर टूर जिंकली.

आर्मस्ट्राँगच्या काळातील ट्रेक सायकलींपैकी एक आजही आठवणीत आहे. २००९ च्या टूरच्या शेवटच्या दिवशी तो पॅरिसमध्ये शिरला ती सायकल डेमियन हर्स्ट या ब्रिटिश कलावंताने सजवली होती. फ्रेमवर आणि चाकांवर खऱ्या फुलपाखरांचे पंख चिकटवलेले होते. त्याच वर्षी लिव्हस्ट्राँगच्या मदतीसाठी झालेल्या लिलावात तिला ५ लाख डॉलर मिळाले. तिचे मॉडेल होते मादोन. फ्रान्समध्ये मांतों गावाजवळ कोल द ला मादोन नावाचा घाट आहे. टूरच्या आधी आर्मस्ट्राँग तो घाट घड्याळ लावून चढत असे, त्यावरून ट्रेकने २००३ मध्ये हे नाव ठेवले. मादोन अजूनही ट्रेकच्या सर्वांत महागड्या सायकलींत गणली जाते आणि नाव तेच आहे. लेमाँडच्या नावाची सायकल ट्रेकने २००८ नंतर बनवलेली नाही.