सुलट विणीची मोठी शाल

सुलट विणीची शाल : दोन सुयांवर, एकही उलट टाका न घालता, प्रत्येक ओळ सुलटच विणून केलेली जाडसर, खडबडीत पोताची शाल. सुलट टाका विणताना धागा सुईच्या मागे असतो, उलट टाक्यात तो पुढे घेतात. विणकाम शिकणाऱ्या मुलीला पहिल्यांदा हीच वीण दाखवतात. त्यामुळे ती शिकाऊ हाताची वीण, असा समज होऊन बसला आहे. तो खरा नाही. मोठ्या शालीला हिच्या तोडीची वीण मिळणे कठीण.

याचे कारण तिच्या रचनेत आहे. एक ओळ संपवून काम फिरवले आणि पुन्हा सुलट विणले की एका ओळीचे उंचवटे पुढे येतात, दुसरीचे मागे. दोन ओळी मिळून शेतातल्या सरी-वरंब्यासारखा एक कंगोरा उठतो. दोन्ही अंगांचा ताण सारखा असल्याने कडा गुंडाळत नाहीत; एक ओळ सुलट, एक उलट अशा साध्या विणीत त्या हमखास गुंडाळतात. दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, म्हणून शाल कशीही पांघरली तरी चालते. कंगोऱ्यांमध्ये हवा अडकून ऊब टिकते. लोकर मात्र साध्या विणीपेक्षा जास्त लागते.

विदर्भ म्हटले की उन्हाळाच आठवतो, पण इथला हिवाळाही अंगावर येणारा असतो. 29 डिसेंबर 2018 रोजी नागपूरचे किमान तापमान 3.5 अंशांवर आले होते. मेळघाटातल्या चिखलदऱ्याला तर थंडी दरवर्षीचीच. गहू-हरभऱ्याला रात्री पाणी द्यायचे, रानडुकरांसाठी जागल करायची, पहाटे कापूस वेचायला निघायचे, या कामांत हात मोकळे लागतात. मोठी तिकोनी शाल छातीवर आडवी घेऊन टोके पाठीमागे गाठ मारून बांधता येतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवरच्या कष्टकरी बायका रोजच्या वापरासाठी ‘हॅप’ नावाची शाल विणत. तिचा मधला चौकोनही याच विणीचा असतो.

तिकोनी शालीची सुरुवात खालच्या टोकाकडून तीन टाक्यांनी करतात. प्रत्येक ओळीच्या आरंभी एक टाका वाढवत जायचे, बस्स. या विणीत एका टाक्याची रुंदी साधारण एका कंगोऱ्याच्या उंचीएवढी भरते, म्हणून हिशेब सोपा होतो. 10 सेंटिमीटरला 16 टाके बसत असतील, तर 288 टाक्यांवर शाल 180 सेंटिमीटर रुंद आणि 90 सेंटिमीटर खोल होते. मध्यम जाडीची लोकर आणि पाच-साडेपाच मिलिमीटरच्या सुया घेतल्या तर 300 ते 400 ग्रॅम लोकर धरून चालावे. इथेच पुष्कळजणी फसतात. निम्मी खोली विणून झाली म्हणजे निम्मी लोकर संपली असे वाटते. प्रत्यक्षात तेव्हा फक्त पाव लोकर खर्ची पडलेली असते. म्हणून सगळे गुंडे आरंभीच एका रंगछटेचे घेऊन ठेवावेत. ओळी मोजत बसू नये, कंगोरे मोजावेत.

पोत उठावदार करायचे मार्गही साधे आहेत. काही कंगोऱ्यांनंतर एका ओळीत प्रत्येक टाक्याला सुईवर दोन वेढे घ्यायचे आणि पुढच्या ओळीत जादा वेढा सोडून द्यायचा. टाके लांब सुटतात आणि घट्ट विणीत एक मोकळा पट्टा पडतो. दोन-तीनशे टाक्यांचे ओझे सरळ सुयांवर मनगटाला सोसत नाही. तारेने जोडलेली गोल सुई घ्यावी. ती गावच्या दुकानात क्वचितच मिळते. सायकलच्या तारांच्या सुया या कामाला फारच बारीक पडतात. बांबूच्या कामटीपासून मात्र चांगल्या सुया होतात. पॉलिश पेपरने घासून मेण चोळले की टाका अडकत नाही.

कापूस पिकवणाऱ्या मुलखात सुती शाल विणावी असे वाटणे साहजिक आहे. पण सुताला लोकरीसारखी लवचीकता नसते. मोठी सुती शाल स्वतःच्या वजनाने लोंबते आणि दवात भिजली की गार पडते. दख्खनी मेंढीची लोकर राठ, ती घोंगडीलाच शोभते. बाजारात मिळणारी बरीचशी ‘लोकर’ अॅक्रिलिकची असते. ती स्वस्त, धुवायला सोपी आणि रंगाला पक्की. पण शेकोटीजवळ ती धोक्याची. ठिणगी पडली की ती वितळून कातडीला चिकटते. खरी लोकर सहजी पेट घेत नाही. विस्तवाजवळ बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी विणताना हा फरक पैशांपेक्षा मोठा मानावा.

लोकरीची शाल रिठ्याच्या कोमट पाण्यात न चोळता बुडवून धुतात आणि टॉवेलमध्ये गुंडाळून दाबतात. दोरीवर टांगली तर ती ताणून लांबते, म्हणून सावलीत बाजेवर पसरावी; खालूनही हवा लागते. जुने स्वेटर उसवून काढलेली लोकरही या शालीला चालते. तिच्या लडी बांधून धुवाव्यात आणि खाली हलके वजन अडकवून वाळवाव्यात, म्हणजे धाग्याच्या जुन्या वळ्या निघून जातात. जाडी थोडी कमी-जास्त असली तरी कंगोऱ्यांत ती लपून जाते. रंग बदलायचा तो नेहमी एकाच बाजूने बदलावा. त्या बाजूला पट्टा सरळ रेषेत दिसतो, मागे ठिपक्यांची ओळ पडते.