टेकडाउन पिन गंजलेली नसते, ती पूर्ण निघतच नाही

"मुंबईची खारी हवा! पिन गंजली असणार, तेल मारा आणि ठोका." एआर-15 च्या धर्तीच्या रायफलीची टेकडाउन पिन (वरचा आणि खालचा भाग जोडणारी, रायफल उघडताना सरकवायची पिन) निघेना की कुलाब्यापासून वरळीपर्यंत हाच सल्ला मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगलं हत्यार बिघडतं.

मुळात ही पिन पूर्ण बाहेर येण्यासाठी नसतेच. तिच्या अंगावर लांबट खाच असते. रिसीव्हरमधला (रायफलीच्या मुख्य सांगाड्यातला) बारीकसा डिटेंट, म्हणजे अडकवणारी छोटी खुंटी, स्प्रिंगच्या जोरावर त्या खाचेत बसतो आणि ठरावीक अंतरावर पिन अडवतो. तिथून पुढे ठोकत राहिलात तर डिटेंट वाकतो, भोकाची कडा खराब होते.

गंजाचं म्हणाल, तर रिसीव्हर सहसा अल्युमिनियमचा. त्याला लोखंडासारखा गंज चढत नाही. पिन पोलादी, तिला तेलाचा हात हवाच. पण घट्टपणाचं नेहमीचं कारण वेगळं असतं: वरचा आणि खालचा रिसीव्हर ताणून बसतात, भोकं केसभर सरकतात. हॅमर (गोळी उडवणारा घाव घालणारा भाग) पुढे पडलेला असेल, तर तोही खालून कॅरिअरला, म्हणजे बोल्ट वाहून नेणाऱ्या भागाला, रेटतो.

आधी मॅगझिन काढा. चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा. यात घाई नकोच. बोल्ट मागे ओढून सोडला की हॅमर कॉक होतो, म्हणजे मागे अडकून राहतो. मग दोन्ही रिसीव्हर एकमेकांवर दाबून धरा आणि पिन डावीकडून उजवीकडे ढकला. बहुतेकदा अंगठा पुरतो, नाहीतर नायलॉनचा पंच (पिन ढकलायची बोथट दांडी).