द्रौपदी ‘आंधळ्याचा पोरगा’ म्हणालीच नव्हती

झाडीपट्टीतली (पूर्व विदर्भातली) दंडार हे लोकनाट्य असो की वऱ्हाडातला सप्ताह, मयसभा आली की दुर्योधन पाण्यात पडतो, द्रौपदी खिदळते आणि ‘आंधळ्याचा पोरगाही आंधळाच’ म्हणते. मग पारावरचा निकाल ठरलेला: बाई हसली म्हणून कुरुक्षेत्र झालं.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९६६ साली ती पुरी झाली. तिच्या सभापर्वात हे वाक्य नाही. दुर्योधन पडतो तेव्हा हसतात भीम, अर्जुन, नकुल, सहदेव आणि नोकर. द्रौपदी त्या प्रसंगात दिसतच नाही. उलट युधिष्ठिर त्याला कोरडे कपडे देववतो. (हे मात्र कोणी सांगत नाही!)

मग तिचं हसणं आलं कुठून? खुद्द दुर्योधनाच्या तोंडून. हस्तिनापुरात बापाला द्यूतासाठी तयार करताना तो म्हणतो, द्रौपदीही बायांसह हसली. म्हणजे साक्षीदार एकच, तोही जळफळणारा. त्याच बोलण्यात, प्रचलित प्रतींमध्ये, ‘धृतराष्ट्रपुत्रा’ अशी हाक मारून हसणारा आहे भीम. आणि खरी ठसठस तो लपवतही नाही: राजसूय यज्ञात पांडवांकडे आलेली नजराण्यांची रास.