हार्ड जॉबवर तेल, ‘दूध’ की काहीच नाही?

पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या मशीन शॉपमध्ये ६० एचआरसीच्या (रॉकवेल मापाने खूप कडक केलेल्या) स्टीलच्या रिंगवर कापताना थंडावा आणि वंगण देणारं कोणतं कूलंट सोडायचं, हा वाद जुना आहे. त्याचं उत्तर कॅनमधल्या तेलापेक्षा टूलमुळे बदलत आलंय.

फ्रेडरिक टेलरने १८८०च्या दशकात अमेरिकेत टूलवर पाण्याची जाड धार सोडून कटिंग स्पीड ३० ते ४० टक्क्यांनी वाढवला. गंज धरू नये म्हणून पाण्यात सोडा. पण हार्डनिंग झालेला, म्हणजे तापवून कडक केलेला जॉब त्या काळच्या टूलला दाद देत नसे. उरायचं फक्त ग्राइंडिंग. तिथे पाण्यात मिसळणाऱ्या सोल्युबल ऑइलचं पांढरं ‘दूध’ रुजलं, साधारण ३ ते ५ टक्क्यांचं. पाणी तेलाच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, म्हणून जॉब जळत नाही. वंगण मात्र बेताचंच.

१९५७मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट वेंटॉर्फने सीबीएन (क्यूबिक बोरॉन नायट्राइड, हिऱ्यासारखं कठीण द्रव्य) बनवलं, १९६९मध्ये ते बाजारात आलं आणि पारडं फिरलं. तापलेल्या सीबीएनवर वाफेची रासायनिक क्रिया होते, कण झिजतात. त्यामुळे सीबीएनच्या ग्राइंडिंग व्हीलला ‘नीट ऑइल’, म्हणजे पाणी न मिसळलेलं तेल मानवतं. बदल्यात धूर आणि आगीचा धोका येतो. बंदिस्त मशीन आणि तेलाचे तुषार ओढून घेणाऱ्या मिस्ट कलेक्टरशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

हार्ड टर्निंग, म्हणजे कडक जॉब ग्राइंडिंगऐवजी लेथवरच कापणं, आल्यावर तर कूलंट हवंच का, हा प्रश्न उभा राहिला. सीबीएन इन्सर्टने (टूलच्या बदलत्या धारेच्या तुकड्याने) कोरडं कापताना बरीचशी उष्णता चिपबरोबर निघून जाते. की-वे (खाच) असलेल्या जॉबवर काप मध्येमध्ये तुटतो; तिथे कूलंट सोडलं की धार क्षणात तापते, क्षणात थंड होते आणि तडकते. सिरॅमिक इन्सर्टला हा धोका जास्त. कोरड्याची किंमत मापात मोजावी लागते: ५० मिमी व्यासाचा जॉब १० अंशांनी गरम असेल तर सुमारे ६ मायक्रॉन मोठा भरतो. थंड होऊ द्या, मग मायक्रोमीटर लावा. आणि इन्सर्ट झिजला असेल तर व्हाइट लेयर (जॉबच्या पृष्ठभागावर उष्णतेने बनणारा कडक, ठिसूळ थर) कुठल्याही कूलंटने टळत नाही.

‘दुधा’चं दुखणं वेगळं. बोअरचं जड पाणी वापरलं की इमल्शन फाटतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, म्हणून रोजच्या टॉप-अपला तरी कमी क्षारांचं पाणी घ्यावं. पाण्यात तेल ओतायचं, तेलात पाणी नाही. मशीनच्या स्लाइडवेचं (सरकपट्ट्यांचं) तेल वर साचून हवा कोंडली की जिवाणू माजतात. गुरुवारची सुट्टी संपवून शुक्रवारी मशीन चालू केलं की वास सांगतोच.