वारजे पुलाजवळचे १३४ ठोके

मागच्या रविवारी संध्याकाळी सात वाजून एकोणचाळीस मिनिटांनी माझं हृदय मिनिटाला ७२ ठोके देत होतं. सात चाळीसला ते १३४ वर होतं. हे इतकं नेमकं सांगता येतं, कारण मुलीनं दिवाळीत दिलेला बँड मनगटावर होता आणि एनडीए रस्त्याकडचं फिरणं संपल्यावर त्यातला चालण्याचा मोड बंद करायचा राहून गेला होता. परतीच्या सगळ्या प्रवासात तो इमानेइतबारे ठोके मोजत बसला.

झालं ते पुण्यात गाडी चालवणाऱ्या कुणालाही नवीन वाटणार नाही. वारजे पुलाच्या अलीकडे एक काळी एसयूव्ही डावीकडून आत घुसली, मी ब्रेक दाबला आणि हॉर्न वाजवला. एकदाच. ती गाडी पुढे जाऊन आडवी थांबली. तिशीचा एक माणूस उतरला, माझ्या दाराशी आला आणि काचेवर तळहात आपटायला लागला. "ए, काच खाली घे! हॉर्न कुणाला मारतो रे?" शेजारून बायको हळू आवाजात म्हणाली, "अहो, काच खाली करू नका. बघू पण नका त्याच्याकडे." मी समोर बघत राहिलो. समोर त्याच्याच गाडीचा बंपर होता आणि त्याला लिंबू-मिरची लटकत होती. त्याला कुणाची नजर लागू नये याची सोय झालेली होती; बाकीच्यांनी आपापलं बघून घ्यायचं.

मागे अडकलेल्या पीएमपीच्या ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढलाच नाही, कंडक्टर दारातून ओरडला, "ओ दादा, भांडण बाजूला घ्या की!" तेव्हा त्या माणसानं बॉनेटवर एक थाप मारली आणि तो निघून गेला. माझ्या हिशेबानं हा प्रकार पाच मिनिटं चालला. बँडच्या आलेखाप्रमाणे दीड.

त्या रात्री हा आलेख मी बराच वेळ बघत बसलो. चढण भिंतीसारखी सरळ होती आणि उतार कात्रजच्या घाटासारखा लांबलचक, वळणावळणाचा. ७२ वरून १३४ ला पोचायला वीसेक सेकंद, आणि तिथून ८५ च्या खाली यायला पस्तीस मिनिटं. असं का? (मनगटावरचा बँड म्हणजे ईसीजी नव्हे, तो काही सेकंदांची सरासरी काढतो. पण चढउताराचा हा असा आकार काही त्या सरासरीतून आलेला नाही.)

विचारलं तर दहापैकी नऊ जण सांगतील, "ॲड्रेनॅलिन!" अर्धवट बरोबर आहे. ॲड्रेनॅलिन मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून निघतं, रक्तात मिसळतं, रक्ताबरोबर फिरत हृदयापर्यंत येतं आणि मग कामाला लागतं. या प्रवासाला वेळ लागतो. काचेवर पहिली थाप पडली त्याच क्षणी छातीत जो धक्का बसला, तो ॲड्रेनॅलिनचा असूच शकत नाही. ते अजून वाटेतच होतं.

मग तो कशाचा? इथे गाडीचीच उपमा घेतो, कारण ती खरोखरच फिट बसते.

हृदयाला ठोका द्या म्हणून मेंदूनं सांगावं लागत नाही. उजव्या वरच्या कप्प्यात साइनस नोड नावाचा पेशींचा छोटा पुंजका असतो, तो आपणहून ठेका धरतो. मेंदूकडून येणाऱ्या सगळ्या नसा तोडून टाकल्या तर तरुण माणसाचा हा नोड मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देतो. वयाबरोबर आकडा उतरतो; पन्नाशी ओलांडलेल्या माझ्यासारख्याचा नव्वदीच्या अलीकडे येतो. आता, सोफ्यावर बसलेल्या माणसाचे ठोके तर सत्तर असतात. म्हणजे कुणीतरी हे इंजिन सतत दाबून धरलेलं आहे. हा कुणीतरी म्हणजे व्हेगस नर्व्ह. मराठी परिभाषेतलं तिचं नाव माझं फार लाडकं आहे, प्राणेशा. मेंदूच्या तळातून निघून मानेतून छातीत आणि पुढे पोटात उतरणारी ही तंत्रिका आपण निवांत असताना हृदयाच्या ब्रेकवर पाय ठेवून बसलेली असते. दिवसरात्र.

धोका दिसला की मेंदू पहिली गोष्ट करतो ती ॲक्सिलरेटर दाबण्याची नव्हे. तो ब्रेकवरचा पाय उचलतो. उतारावर हँडब्रेक सोडल्यावर गाडी जशी आपसूक निघते तसं हृदय निघतं, तेही पुढच्या एक-दोन ठोक्यांत. दुसरा टप्पा अनुकंपी चेतासंस्थेचा, म्हणजे शरीराला धावपळीसाठी तयार करणाऱ्या नसांच्या जाळ्याचा. तिच्या तंतूंची टोकं हृदयातच नॉरॲड्रेनॅलिन, म्हणजे ॲड्रेनॅलिनचं सख्खं भावंड, सोडतात. पण त्याचा परिणाम दिसायला एखाद-दोन सेकंद लागतात आणि पूर्ण जोर यायला वीसेक सेकंद. ॲड्रेनॅलिन येतं ते या मागोमाग. थोडक्यात, ७२ वरून ८८ पर्यंतची माझी धाव ब्रेक सुटल्याची आणि तिथून पुढची ॲक्सिलरेटरची, असं ढोबळ मानाने म्हणता येईल.

याचा पुरावा हृदय प्रत्यारोपण झालेल्या माणसांत मिळतो. केपटाऊनला ३ डिसेंबर १९६७ रोजी ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय माणसाला बसवणारं पहिलं प्रत्यारोपण केलं. बसवलेल्या हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात. ब्रेक नाही, थेट तारेचा ॲक्सिलरेटरही नाही. असं हृदय बसल्या जागी नव्वद ते एकशेदहा ठोके देतं. जिना चढायला लागलं की ते लगेच वेग घेत नाही, रक्तातून ॲड्रेनॅलिन यायची वाट बघतं, आणि जिना संपल्यावरही बराच वेळ धडधडत राहतं.

आता ब्रेक इतका चपळ आणि ॲक्सिलरेटर इतका सुस्त का, हे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. ज्यांना रासायनिक नावांचा कंटाळा आहे त्यांनी पुढचा परिच्छेद ओलांडला तरी चालेल.

प्राणेशेच्या टोकातून ॲसिटिलकोलिन सुटतं. ते साइनस नोडच्या पेशीवरच्या एम-२ ग्राहीवर, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनावर, बसतं. ग्राहीला आतून चिकटलेलं जी-प्रथिन फुटतं आणि त्याचा एक तुकडा पेशीच्या पटलातल्या पटलातच सरकून शेजारचं पोटॅशियमचं दार उघडतो. धन विद्युत्भाराचं पोटॅशियम बाहेर पडलं की पेशीची आतली बाजू आणखी ऋण होते आणि पुढचा ठोका लांबतो. सगळा व्यवहार शेजाऱ्या-शेजाऱ्यांत उरकतो, शिवाय ॲसिटिलकोलिन तोडणारं एन्झाइम तिथेच हजर असतं, त्यामुळे ब्रेक लागतो तितक्याच झटक्यात सुटतोही. नॉरॲड्रेनॅलिनचं काम मात्र सरकारी फाइलसारखं. बीटा-१ ग्राही, त्याचं जी-प्रथिन, मग ॲडेनिलिल सायक्लेज हे एन्झाइम, त्यातून सायक्लिक एएमपी, आणि त्यानं जोरात सुरू होणारा एक विद्युतप्रवाह. १९७९ साली हा प्रवाह हृदयाच्या पेशीत सापडला तेव्हा तो इतर प्रवाहांच्या नेमका उलट वागत होता, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याचं नाव चक्क 'फनी करंट', विचित्र प्रवाह, असं ठेवलं. ते अजून तसंच आहे. फाइल एवढ्या टेबलांवरून फिरणार म्हणजे सुरू व्हायला उशीर आणि बंद व्हायलाही उशीर. सोडलेलं नॉरॲड्रेनॅलिन तंतूंच्या टोकांनी पुन्हा शोषून घ्यावं लागतं, तोवर ॲक्सिलरेटर दाबलेलाच.

हा ब्रेक रसायनानं चालतो हे कळलं त्याची गोष्ट तर स्वप्नातली आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहरी ऑटो लोवी या शास्त्रज्ञाला एका रात्री प्रयोग सुचला, त्यानं झोपेतच कागदावर खरडलं आणि सकाळी स्वतःचंच अक्षर त्याला लागेना. दुसऱ्या रात्री तीन वाजता तेच स्वप्न पुन्हा पडलं. या वेळी गडी कागद शोधत बसला नाही, उठून थेट प्रयोगशाळेत गेला. बेडकाची दोन हृदयं क्षाराच्या द्रावणात धडधडत ठेवली. पहिल्याची व्हेगस विजेनं चेतवली, त्याचा वेग उतरला. मग त्याच्या भोवतालचं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं. त्याच्या नसेला कुणी हात लावला नव्हता, तरी त्याचाही वेग उतरला. हे निष्कर्ष १९२१ साली प्रसिद्ध झाले आणि १९३६ साली लोवींना हेन्री डेल यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

हा ब्रेक तुम्हाला बोटाखाली जाणवू शकतो. शांत बसा, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा, नाडी सापडली की सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतील, सोडताना लांब जातील. तरुण माणसात हे फार स्पष्ट कळतं. श्वास आत घेत असताना मेंदू प्राणेशेला क्षणभर गप्प बसवतो, सोडताना तिला पुन्हा मोकळं करतो. कार्ल लुडविग या शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १८४७ सालीच हा चढउतार कागदावर उमटवला होता.

त्यामुळे घाबरलेल्या माणसाला लोक सांगतात ना, "मोठा श्वास घे", तो सल्ला निम्माच आहे. श्वास घेणं म्हणजे ब्रेक सोडणं. उपयोग आहे तो सोडण्याचा: चार मोजत घ्या, सात-आठ मोजत सोडा. भराभर मोठे श्वास ओढलेत तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून उलट गरगरेल, बोटांना मुंग्या येतील. आणि लांब उच्छ्वासानं ठोके उतरतात एवढ्यावरून मधुमेहापासून कॅन्सरपर्यंत सगळं बरं होतं असं सांगणारे, किंवा मानेला लावायचं 'व्हेगस रीसेट' यंत्र रीलमधून विकणारे, यांच्यापासून सावध राहा. रीसेटचं बटण असं त्या नसेला कुठेही नाही.

पुलाखालून गाडी काढताना माझा डावा पाय क्लचवर ठरेना. गुडघा शिवणयंत्रासारखा थडथडत होता. बायकोला वाटलं मी अजून घाबरलेलोच आहे. खरं तर मन बऱ्यापैकी सावरलं होतं, पण ॲड्रेनॅलिन तेव्हा कुठे मांडीत पोचून आपलं काम करत होतं. स्नायूंवरच्या बीटा-२ ग्राहींवर ते बसलं की संथ जातीचे तंतू नेहमीपेक्षा कमी वेळ आखडून लगेच सैल पडतात, एक आखडणं दुसऱ्यात मिसळत नाही, आणि एरवी सलग वाटणारी ताकद तुकड्यातुकड्यांनी येते. दम्याचा साल्ब्युटामॉलचा पंप घेतल्यावर हात थरथरतात तेही याच ग्राहींमुळे. तेव्हा पाय लटपटले म्हणून भित्रेपणाचा शिक्का मारून घ्यायचं कारण नाही. गाडी मात्र बाजूला घ्यायला हवी होती. आम्ही पेट्रोल पंपावर उजेडात थांबलो ते बरंच झालं. मागे कुणी लागलं असेल तर घराकडे वळूच नये, चौकी किंवा गर्दीची जागा गाठावी आणि ११२ लावावा.

पोलिसांना सांगायला माझ्याकडे गाडीचा नंबर नव्हता. त्याच्या मनगटातलं तांब्याचं कडं, त्यावरचा हिरवट डाग, हे आत्ता काढून दाखवीन. नंबर शून्य. धोका जिथून येतोय तिथे लक्ष खिळतं आणि बाकीचं चित्र नोंदलंच जात नाही; हातात शस्त्र असलेल्या गुन्हेगाराचा चेहरा साक्षीदाराला नीट आठवत नाही तो याच कारणानं. नंबर बायकोनं मोठ्यानं म्हणून ठेवला होता.

राहता राहिला तो पस्तीस मिनिटांचा उतार. रक्तातलं ॲड्रेनॅलिन दर दोन-तीन मिनिटांनी निम्मं होतं. म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत मामला मिटायला हवा. आलेख पुन्हा नीट पाहिला तर उतारावर तीन-चार उंचवटे होते. पहिला पेट्रोल पंपावरचा, तिथल्या मुलाला मी सगळं साभिनय सांगितलं. दुसरा मेहुणीच्या फोनचा. दर वेळी सांगताना मी पुन्हा ॲक्सिलरेटर दाबत होतो. राग 'बाहेर काढला' की शांत होतो ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली ती तपासली. चिडवलेल्या माणसांना, ज्यानं चिडवलं त्याचाच विचार करत पंचिंग बॅगला ठोसे मारायला लावलं. त्यांचा राग नुसतं शांत बसवलेल्यांपेक्षा जास्त निघाला.

याच क्षेत्रातल्या डॉल्फ झिलमन यांचं १९७० च्या दशकातलं काम याहून मजेशीर. व्यायामाच्या सायकलवर दमवून मग काही मिनिटांनी माणसाला डिवचलं तर तो एरवीपेक्षा जास्त आक्रमक होतो. शरीर अजून तापलेलं असतं, पण धडधड सायकलमुळे आहे हे तो विसरलेला असतो आणि तिचं बिल समोरच्या माणसाच्या नावावर फाडतो. एसयूव्हीवाला कुठली सायकल मारून आला होता कोण जाणे.

मुलीनं दुसऱ्या दिवशी मोबाइलवर आलेख मोठा करून पाहिला. "बाबा, आठ वाजून पाच मिनिटांनी हे काय? परत कुणी अडवलं होतं?"

आठ वाजून पाच मिनिटांनी आम्ही सोसायटीच्या गेटात होतो. वॉचमन म्हणाला होता, "साहेब, गाडी जरा पुढं घेता का?"