बापाच्या जागी पोरगा : गिरणगावातल्या वारशाची पार्श्वभूमी

गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली की बातमीत 'वारस' हा शब्द हमखास येतो. आज तो घराच्या हक्कासाठी वापरतात. कित्येक दशकं मात्र गिरणगावात, म्हणजे मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या वस्तीत, बापाकडून पोराकडे जायची ती नोकरी.

कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापड गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. पुढे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून माणसं येत राहिली. भरती मुकादमाच्या हातात, त्यामुळे भावकीतला किंवा गावचा माणूस आधी. बाप नाहीतर चुलता शब्द टाकायचा आणि पोरगा बदलीवर लागायचा. बदलीवाल्याने रोज पाळीच्या वेळी गेटवर हजर राहायचं. कायम कामगाराचा खाडा पडला तर त्या दिवसाचं काम, नाहीतर डबा तसाच घेऊन खोलीवर परत. कायम होण्यात वर्षं जायची. तरी एकदा कायम झालं की पगार, फंड, ग्रॅच्युइटी आणि गावी दर महिन्याची मनीऑर्डर. शेतमजुराच्या घराला ही मोठीच पायरी होती.

पण ती सगळ्यांना सारखी नव्हती. साचाखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात, धोट्यातला (आडवा धागा नेणाऱ्या नळीतला) तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. उष्ट्याचा विटाळ नको म्हणून अस्पृश्य कामगारांना, चांगला पगार असलेल्या त्या खात्यात घेत नसत. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. म्हणजे बापाच्या ओळखीने नोकरी मिळायची तशी बापाच्या जातीने अडायचीही. गिरणगावाच्या आठवणी काढताना ही गोष्ट गाळली जाते, ते मला पटत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. हा संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला, आणि हजारो कामगारांना पुन्हा आत घेतलं गेलं नाही. ज्या घरात थोरला आधीच मॅट्रिक होऊन महापालिकेत, बेस्टमध्ये किंवा बँकेत चिकटला होता, ते घर तगलं. ज्या घरातली मुलं तेव्हा सातवी-आठवीत होती, तिथे फी भरायची की किराणा, हा प्रश्न आला. आया-बहिणींनी पोळ्या लाटल्या, डबे केले, धुणीभांडी केली. एकाच चाळीत, एकाच खात्यातल्या दोन बापांची मुलं पुढे इतकी वेगळी जगली, त्यात हुशारीपेक्षा त्या वर्षी कोण कितवीत होतं याचा वाटा मोठा होता, असं माझं ठाम मत आहे.

मग जमिनीचा प्रश्न आला. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम ५८ प्रमाणे गिरण्यांची जमीन मालक, महापालिका आणि म्हाडा (राज्याचं घरबांधणी प्राधिकरण) यांच्यात वाटायची होती. २००१ साली त्यात बदल झाला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. ज्या जमिनीवर आधीच इमारती उभ्या होत्या ती त्यातून सुटली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. जिथे बाप साचे चालवायचा त्या आवारात मॉल आणि ऑफिसं उभी राहिली. कित्येकांच्या मुलांना तिथे काम मिळालं ते सुरक्षारक्षकाचं किंवा हाउसकीपिंगचं, तेही कंत्राटी.

सोडतीतल्या घराच्या अर्जासाठी कामगार १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असल्याचं दाखवावं लागतं : तिकीट नंबर, हजेरीची नोंद, गिरणीचा लाल पास. बाप गेलेला, गिरणी पाडलेली. मग पन्नाशीतला मुलगा गावच्या घरातली पत्र्याची पेटी उघडून बापाचा लाल पास शोधत बसतो.